जागरणानंतरचा दिवस: ग्वांगझूच्या मावशीचे कानमंत्र

पोरी,

अमेरिकेत सकाळ झाली की तुझा तिकडचा कॉल सुरू होतो, म्हणजे इथे ग्वांगझूत रात्रीचे साडेनऊ-दहा. कॉल संपेपर्यंत दीड वाजतो, मग डोक्यात चाललेलं थांबेपर्यंत तीन. परवा म्हणालीस, मावशी, इथल्या बायका जागरण झालं की काय काय उकळून पितात ते सांग ना. सांगते की. इतकी वर्षं या गावात काढली, शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात बसून शिकले, चिनी वैद्यांसमोर हात पुढे करून बसले. काय लागू पडतं आणि काय नुसतंच महाग असतं, ते आता बरंच कळतं. पण आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. हे सगळं झाल्या जागरणाला सावरण्यासाठी आहे. उद्याच्या जागरणाची सोय म्हणून यातलं काहीही करायचं नाही.

इथलं वैद्यक काय मानतं, ते थोडक्यात ऐक. दिवस यांगचा, रात्र यिनची. यांग म्हणजे ऊब, हालचाल, लगबग. यिन म्हणजे ओलावा, गारवा, रक्त, विसावा. समईसारखं आहे हे: दिवसभर ज्योत जळते, रात्री तेल भरलं जातं. तू जागलीस की तेल भरायचं राहतं आणि ज्योत मात्र जळतच असते. म्हणून दुसऱ्या दिवशी तोंड येतं, घसा खवखवतो, हनुवटीवर पुटकुळी उठते, डोळे चुरचुरतात, तळवे गरम लागतात. इथे म्हणतात शांगहुओ झालं, आपल्याकडे आजी म्हणायची उष्णता झाली. पण जागरणाची उष्णता ही पोकळ उष्णता. तिच्यावर बर्फाचं पाणी ओतून भागत नाही, तेल हळूहळू परत भरावं लागतं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. दिवसाचे बारा प्रहर, प्रत्येक दोन तासांचा, आणि प्रत्येकाचा एकेक अवयव मालक. रात्री ११ ते १ पित्ताशय, १ ते ३ यकृत, ३ ते ५ फुप्फुसं, सकाळी ७ ते ९ जठर. माणूस आडवा झाला की रक्त यकृताकडे परततं, असं ‘हुआंगदी नेइचिंग’ या त्यांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचं म्हणणं. हे यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसतं तेवढंच नव्हे. डोळे, राग, रक्त, पाळी असं सगळं त्याच्या पदरात घातलेलं आहे. एक वाजता यकृत कामाला लागतं हे काही कुठल्या यंत्राने दाखवलेलं नाही, ती परंपरेची मांडणी आहे. पण तिच्यातून निघणारा सल्ला, अकराच्या आत अंथरुणाला पाठ टेकावी, हा कोणाचंही नुकसान करत नाही. म्हणून मी तो डोळे मिटून पाळते. तूही पाळ, निदान कॉल नसेल त्या रात्री.

रात्र जागायचीच असेल तर

१. कॉलच्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला वीस-तीस मिनिटं आडवी हो — मध्यरात्र आणि मध्यान्ह या दोन वेळा इथे झोपेसाठी सगळ्यात मोलाच्या मानतात. एक हुकणार असेल तर दुसरी तरी पदरात पडू दे.

२. ऑफिसात लाजू नकोस — दुपारी दिवे मालवतात, टेबलाखालून घडीच्या खाटा निघतात, साहेबसुद्धा डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेला असतो. जागी राहणारीच तिथे वेगळी दिसते.

३. पण ही डुलकी अर्ध्या तासापुढे नेऊ नकोस — गाढ झोपेतून उठलीस तर डोकं जड होईल आणि रात्रीची झोप आणखी लांबेल.

४. रात्रीचं जेवण सातपर्यंत आणि दोन घास कमी — सातव्या शतकातले थोर वैद्य सुन सिमिआओ यांचंही सांगणं हेच, की रात्री पोट तडस लागेपर्यंत भरू नये, जेवणानंतर थोडं चालावं आणि पोटावरून हात फिरवावा. पोटाला रात्रपाळी, सकाळी आंबट गुळणी.

५. मध्यरात्री खाली उतरून भाजलेली कालवं आणि सळईवरचं मटण खायचा मोह या गावात फार — भूक खरीच असेल तर त्याच गल्लीत छाओशान भागातल्या पद्धतीची मातीच्या भांड्यातली भाताची पेज मिळते, ती घे. पोट सांभाळून घेईल.

६. कॉलच्या मध्यावर कॉफी नको — कॉल दीडला संपतो, कॉफी पहाटेपर्यंत संपत नाही.

७. दर तासाला उठून खिडकीशी जा आणि लांबच्या दिव्याकडे बघ — फार वेळ एकटक बघितल्याने रक्त झिजतं अशी जुन्या ग्रंथांची समजूत आहे. रक्ताचं राहू दे, पापण्या लवल्या आणि मान सुटली तरी पुष्कळ झालं.

८. कॉल संपला की फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लाव — “पाच मिनिटंच बघते” म्हणून तू काय करतेस ते मला तुझ्या पावणेतीनच्या मेसेजवरून कळतं.

९. ओल्या केसांनी निजू नकोस — इथल्या आज्या म्हणतात डोक्यातून गारठा आणि ओल शिरते. त्यांचं पटो न पटो, भिजक्या उशीवर झोप नीट लागत नाही एवढं नक्की.

उजाडल्यावर

१०. पहिला घोट कोमट पाण्याचा, सावकाश — या देशात विमानतळापासून शाळेपर्यंत जागोजागी उकळतं पाणी मिळतं ते उगाच नाही, गार पाण्याने जठर आखडतं असं हे लोक मानतात. रात्रभर एसीत सुकलेल्या घशाला ऊन पाणीच बरं वाटतं.

११. न्याहारी सात ते नऊच्या आत, कारण तो जठराचा प्रहर — आणि उठायलाच साडेनऊ झाले तर घड्याळाशी भांडू नकोस, फक्त पहिलं खाणं ऊन आणि मऊ असू दे.

१२. त्या दिवशी पिठाची तळलेली कांडी, योउथिआओ, नको, आणि भारतात घरी गेली असशील तर वडापावही नको — शिणलेल्या पोटाला तेल पचवायचं काम देऊ नये.

१३. जागरणानंतर जिम बंद, धावणं बंद — यिन आधीच रिकामी असताना घाम गाळला की उरलंसुरलंही जातं, असं वैद्य सांगतात. न झोपलेल्या हृदयाला दामटू नये, हे तर कुठलाही डॉक्टर सांगेल.

१४. त्याऐवजी बादुआनजिन कर, आठ हालचालींचा हा जुना व्यायाम सोंग राजवटीपासून चालत आलाय आणि बारा-पंधरा मिनिटांत होतो — चीनच्या क्रीडा खात्याने २००३ साली त्याचं एक ठरीव रूप केलं, तेच सकाळी प्रत्येक बागेत दिसतं. कुठल्याही रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहा, कोणी हाकलत नाही.

१५. आठही जमत नसतील तर पहिलीच कर: बोटं गुंफून तळवे आकाशाकडे, टाचा जमिनीला, श्वास घेत वर आणि सोडत खाली — बरगड्या उघडतात आणि रात्रभर खुर्चीत आखडलेला पाठीचा कणा मोकळा होतो.

१६. खूप गरम पाण्याने लांबलचक आंघोळ नको — झोप नाही, पोट रिकामं आणि वर वाफ, यात घेरी येऊन पडलेल्या माणसांना मी हात दिलाय.

१७. दुपारपर्यंत आईशी वाद, बॉसला उत्तर आणि राजीनाम्याचा विचार, तिन्ही बाजूला ठेव — इथे राग यकृताचा मानतात आणि यकृत तर रात्री उपाशी राहिलेलं. निजेला उशीर, जिभेला धार.

१८. दिवसभर लोळू नकोस, त्याच रात्री साडेदहाला दिवा मालव — दिवसाच्या झोपेने रात्रीचं सगळं देणं फिटत नाही, उलट पुढची रात्रही बिघडते.

इथे थोडं थांबून एक सांगते. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला आले, आणि ते पथक पहिल्यांदा उतरलं ते याच ग्वांगझूत. चीन-जपान युद्धाच्या आघाडीवर त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचं सांगतात. इथले म्हातारे लोक अजून त्यांचं नाव काढतात आणि मी सोलापूरकडची म्हटल्यावर माझा हात हातात घेतात. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला गेले, अपस्माराच्या झटक्यांनी, अवघ्या ३२ व्या वर्षी. अपुरी झोप आणि थकवा यांनी अपस्माराचे झटके वाढतात, हे आज सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यासमोर तर जखमींची रांग होती. तुझ्यासमोर एक्सेलची शीट असते. तिच्यासाठी शरीर इतकं ताणायचं नाही, हे मी हक्काने सांगते.

चुलीवर

खरं शिकण्यासारखं इथेच आहे. शेजारच्या आजी कोणी जागलं की राळ्यांची पेज करतात. राळे म्हणजे आपल्या नगर-सोलापूरकडचे जुने पिवळे बारीक दाणे, इथे त्यांना शिआओमी म्हणतात. आजी मूठभर राळे एकदाच धुतात, चोळत नाहीत. पाणी आधी खळखळू देतात, मग दाणे सोडतात, आच अगदी मंद करतात आणि लाकडी पळीने एकाच दिशेने ढवळतात. चाळीस मिनिटांनी गॅस बंद करून झाकण ठेवतात. थोड्या वेळाने पेजेवर पातळ, चकचकीत साय धरते. ती साय पळीने अलगद उचलून त्या थकलेल्या माणसाच्या वाटीत घालतात, बाकीच्यांना खालची पेज. तुला देतील तेव्हा नको म्हणू नकोस, तो मान असतो.

१९. एका वाटीला दहा-बारा वाट्या पाणी, मीठ-साखर काही नाही — राळे पोटाला शांत करतात आणि पोट शांत तर मन शांत, असा इथला हिशेब. नेइचिंगमध्येसुद्धा झोप न येणाऱ्यासाठी एक काढा आहे, त्यात अशाच बारीक धान्याचा वापर आहे. त्या काढ्यातली दुसरी वनस्पती कच्ची विषारी असते, म्हणून आपण धान्यावरच थांबायचं.

२०. त्यात तीन-चार लाल ‘खजूर’ बी काढून टाक; ही खरी तर बोरं, आपल्या बोराची चुलत भावंडं — रक्त भरून काढतात असं मानतात आणि गोडीही येते. साखरेचा आजार असलेल्याला मात्र एखादंच.

२१. सुकं लाँगन चेहरा फिकट आणि हातपाय गार असतील तरच — लिचीच्या घरातलं हे फळ उष्ण समजलं जातं. तोंड आलेलं असताना घातलंस तर आगीत तूप.

२२. तोंड आलं, घसा धरला तर हिरव्या मुगाचं पाणी — तुझ्या आईचं कढणच ते, फक्त फोडणी, आलं आणि मिरची वगळायची. दहाएक मिनिटांनी जे हिरवं पाणी सुटतं ते जास्त थंड समजतात.

२३. पोट ढिलं असेल किंवा पाळीत कळा येत असतील तर मूग पुढच्या आठवड्यावर टाक — थंड पदार्थ गारठलेल्या पोटात घालू नयेत, हा इथल्या स्वयंपाकघरातला पहिला नियम.

२४. जीव घाबराघुबरा, झोप वरवरची असेल तर लिलीचा कंद आणि कमळबी यांची खीर — दोन्ही हृदयाला आणि फुप्फुसांना निववतात असं मानतात. कंद लांझोउचा सगळ्यात गोड, खाण्यासाठीचाच घे. फुलवाल्याकडची लिली खायची नसते.

२५. कमळबी म्हणून मखाने आणू नकोस — मखाना वेगळ्या पाणवनस्पतीचा, इथे त्याला छिआनशी म्हणतात. औषध तोही आहे, पण काम वेगळं.

२६. कमळबीच्या पोटातला हिरवा कोंब कडूजहर असतो, आवडत नसेल तर काढून टाक — फार चिडचिड होत असेल तेव्हा मात्र दोन-चार ठेव, कडू चव हृदयाची उष्णता उतरवते असं वैद्य सांगतात.

२७. पांढरी बुरशी, यिन-अर, भिजवायची तर तास-दीड तासच, आणि उन्हाळ्यात फ्रीजमध्ये. रात्रभर ओट्यावर कधीही नाही — जास्त वेळ भिजत ठेवलेल्या बुरशीत एक जिवाणू विष तयार करतो, ते उकळूनही जात नाही, आणि त्याने इथे माणसं दगावली आहेत. हा मुद्दा फ्रीजवर चिकटव.

२८. ती मऊ शिजून चिकट झाली की खडीसाखर घालून कोमट खा — घसा आणि ओठ कोरडे पडले असतील तर याच्याइतकं सुखाचं काही नाही.

२९. केस गळतात म्हणून रडतेस ना, काळे तीळ भाजून वाटून रोज एक चमचा — केस मूत्रपिंडाचा आरसा समजतात आणि तीळ मूत्रपिंडाला बळ देतात, असं इथलं गणित. कॅल्शियम मिळतं ते वेगळंच.

३०. डोळ्यांसाठी शेवंतीचा चहा: पाच-सहा सुकी फुलं, उकळतं पाणी, झाकून पाच मिनिटं — झाकण नसेल तर वास उडून जातो आणि नुसतं पिवळं पाणी उरतं. फुलं चच्यांगमधल्या थोंगशिआंगची चांगली.

३१. देवाला वाहायची शेवंती या कामाला चालत नाही — ती पिण्यासाठी वाढवलेली नसते, फवारे मारलेले असतात.

३२. त्याच कपात दहा-पंधरा गोजी टाक, निंगशिआमधल्या चोंगनिंगचे असले तर उत्तम — शेवंती थंड, गोजी ऊबदार बाजूचे, दोघं एकमेकांना सावरतात. शेवटी फळं चावून खा, तळाशी टाकू नकोस.

३३. थर्मास वापरायला म्हातारपण यायची वाट बघू नकोस — २०१७ साली ब्लॅक पँथर या नामांकित रॉक बँडच्या ड्रमरच्या हातात थर्मास दिसला आणि सगळ्या चीनभर त्याची चर्चा झाली. ऊन पाणी जवळ असलं की गार कोला आपोआप कमी होतो.

३४. बिअरमध्ये गोजी टाकून पिणारी तुझ्या वयाची मुलं इथे खूप आहेत, त्यांना हसून टाळ — गोजीने बिअरचं औषध होत नाही. रात्र विकून गोजी विकत, घरात दोन्ही नाहीत.

३५. आजोबांना मात्र गोजी पाठवू नकोस, ते रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेतात — गोजीने त्या गोळीचा परिणाम वाढल्याच्या नोंदी आहेत.

३६. लिआंगछा हा कडू काढा ग्वांगझूची शान, वांग लाओ जी हे नाव १८२८ पासूनचं. तोंड आल्यावर एखादा छोटा पेला, जेवणानंतर, बस — हा फार थंड. रोज पिऊन पोट बिघडवून घेतलेल्या मुली मी पाहिल्यात. डब्यातला गोड लिआंगछा सरबत समजूनच पी.

३७. आलं सकाळी, मुळा संध्याकाळी — आलं ऊब वर आणतं म्हणून रात्री टाळतात, मुळा वायू खाली नेतो.

हातापायांसाठी

३८. झोपायच्या तासभर आधी, घोट्यांच्या वरपर्यंत पाय कोमट पाण्यात, पंधरा-वीस मिनिटं — पायाकडे ऊब गेली की डोक्यातली गर्दी उतरते. पाय ऊबदार, डोळा जडदार.

३९. पाणी चाळीस अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघ, बाळाच्या आंघोळीला बघतात तसं — हाताचा पंजा निबर असतो, तो फसवतो.

४०. कपाळाला ओलसरपणा आला की पाय बाहेर, घाम निथळू द्यायचा नाही — घामासोबत ओलावा जातो, आणि तोच तर आपण जपतोय.

४१. हा प्रयोग तुझ्या बाबांना शिकवशील तर आधी साखर विचार — मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, चटका बसला तरी कळत नाही आणि जखम चिघळते.

४२. पाय पुसल्यावर तळव्याचा पुढचा खळगा, योंगछुआन, अंगठ्याने शंभर वेळा चोळ — मूत्रपिंडाच्या वाहिनीचा तो पहिला बिंदू, वर चढलेली उष्णता तिथून खाली ओढतात. शंभर मोजता मोजता तुझी जांभई येईल, तेवढंच हवं.

४३. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला शेनमेन. दाब देऊन दहा श्वास मोज — धडधडीसाठी हा बिंदू वैद्य पहिल्यांदा शिकवतात, आणि मीटिंगमध्ये टेबलाखालीही दाबता येतो.

४४. डोळ्यांसाठी भुवईची आतली टोकं, नाकाच्या मुळाशी दोन्ही बाजू आणि कानशिलं, हळूच गोल — १९६३ पासून चिनी शाळांत मुलांना डोळ्यांचा हा व्यायाम शिकवतात. ऑफिसातल्या कोणालाही विचार, डोळे मिटून करून दाखवेल. हात मात्र आधी धू.

४५. लाकडी कंगव्याने कपाळापासून मानेपर्यंत सावकाश विंचर — डोक्यावरून बऱ्याच वाहिन्या जातात असं मानतात. जागून ताठलेली टाळू सैल होते.

४६. मैत्रीण गरोदर असेल तर अंगठा-तर्जनीमधला हेगू आणि घोट्याच्या वरचा सानयिनजिआओ हे बिंदू तिच्यावर दाबायचे नाहीत — कळा सुरू होतील म्हणून वैद्य दोन्ही वर्ज्य ठेवतात.

४७. सुया, त्वचेवर पट्टी घासायची गुआशा, कपिंग यांतलं काहीही उपाशीपोटी किंवा अजिबात न झोपता नको — थकलेल्या माणसाला सुई लावली की घेरी येते. जाशील तेव्हा परवाना बघ आणि सुयांचं पाकीट डोळ्यांसमोर फोडायला सांग.

दुकानात आणि वैद्याकडे

४८. शामिआन बेटासमोरच्या चिंगपिंग बाजारात माझ्याबरोबर चल, एकटी जाऊ नकोस — पांढरीशुभ्र बुरशी आणि लालभडक गोजी तुला आवडतील, आणि तेच गंधकाची धुरी दिलेले किंवा रंगवलेले निघतील. पिवळसर, मळकट आणि ज्याला आंबूस वास नाही ते घ्यायचं.

४९. वैद्याकडे जाण्याआधी कॉफी नको, चघळायची जांभळी-लाल गोळी नको, जीभ खरवडायची नाही — ते जिभेचा रंग आणि थर वाचतात. तू तो पुसून गेलीस तर त्यांनी वाचायचं काय?

५०. मनगटावर तीन बोटांनी तीन जागी नाडी बघतात, तेव्हा गप्प बस आणि नंतर सगळं सांग: थायरॉइडची गोळी, गर्भनिरोधक, झोपेची गोळी — नाडीतून गोळ्यांची नावं कळत नाहीत.

५१. झोपेसाठी ते बहुधा सुआनझाओरेन देतील, आंबट बोराच्या आतली बी. तिचा पाच वनस्पतींचा काढा पूर्व हान राजवटीतले वैद्य चांग चोंगजिंग यांनी इसवी सन २०० च्या सुमारास लिहून ठेवलाय — इतका जुना असला तरी झोपेच्या गोळीसोबत आपल्या मनाने घ्यायचा नाही, गुंगी दुप्पट होते.

५२. काढा माती, काच किंवा स्टीलच्या भांड्यात, लोखंड-अॅल्युमिनियम नाही. आधी अर्धा तास भिजव, दोनदा उकळ आणि दोन्ही पाणी एकत्र कर — म्हणजे दोन्ही वेळचा डोस सारखा होतो.

५३. केस काळे राहावेत म्हणून हशोउवू कोणी कितीही गोड बोलून दिलं तरी नाही म्हण — त्याने यकृताला इजा झाल्याच्या पुष्कळ नोंदी आहेत. जागरणाने शिणलेल्या यकृताला हे कशाला?

५४. जुन्या पद्धतीच्या ‘मन शांत करणाऱ्या’ गोळ्यांवर चूशा, म्हणजे हिंगूळ, लिहिलंय का वाच — त्यात पारा असतो.

५५. ज्येष्ठमधाचा चिनी भाऊ, गानछाओ, जवळजवळ प्रत्येक काढ्यात असतो. त्यावर घरी आणखी ज्येष्ठमध चघळू नकोस — फार झालं की रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं.

५६. जिनसेंग थकवा घालवतो म्हणून रात्री घेऊ नकोस, लाल जिनसेंग तर मुळीच नाही — तो उष्ण आणि उठवणारा. पोकळ उष्णतेत त्याने तोंड आणखी येतं, झोप आणखी पळते.

५७. महिनाभर आठवड्यातून तीन-चार रात्री झोप येत नसेल, घोरताना श्वास अडकत असेल, छातीत दुखत असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर शेवंती-गोजी बाजूला ठेवून सरळ रुग्णालय गाठ आणि वाटेतून मला फोन कर, कितीही वाजलेले असोत — त्या वेळी मला उठवलंस म्हणून मी रागावणार नाही.

५८. माझ्याकडे पेजेसाठी मातीचं एक नवं भांडं जास्तीचं आहे, रविवारी येऊन घेऊन जा. आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेव आणि पहिल्यांदा त्यात तांदळाची दाट पेजच उकळ — पेजेची खळ बारीक भेगांत भरते आणि भांडं पुढे तडकत नाही. राळे मात्र तूच आण, माझे संपलेत.